ओगबेचे : एक कारकीर्द आणि एक नाव

एका फुटबॉलपटूच्या कारकिर्दीचा विचार भाषाविषयक संशोधनाला वाहिलेल्या पत्रिकेत का व्हावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका विलक्षण परिस्थितीत सापडते. २०२०–२१ च्या हंगामात बार्थोलोम्यू ओगबेचे हा नायजेरियन आघाडीपटू मुंबई सिटी संघाकडून इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. महामारीमुळे त्या वर्षी लीगचे सर्व सामने गोव्यातील तीन मैदानांवर, बहुतांशी प्रेक्षकांविना झाले. मुंबईत एकही झाला नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील जे तरुण एरवी लोकलने अंधेरीचे मैदान गाठू शकले असते, त्यांच्यापर्यंत हा खेळाडू पोहोचला तो केवळ पडद्यावरील आकृती, निवेदकाच्या तोंडून ऐकू येणारे नाव आणि वृत्तपत्रात छापलेली चार अक्षरे या रूपांनी. ज्या माणसाशी आपला संबंध मुख्यतः त्याच्या नावाच्या द्वाराच येतो, त्याच्या नावाचे आपण काय करतो, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या कक्षेत निःसंशय येतो.

प्रस्तुत लेखात प्रथम या कारकिर्दीची रूपरेषा दिली आहे, नंतर तिच्या नावाच्या ध्वनिरूपाचा व व्याकरणाचा विचार केला आहे, आणि अखेरीस या दोहोंना जोडणाऱ्या ‘मूल्य’ या संकल्पनेकडे लक्ष वेधले आहे.

१. युरोपातील वाटचाल

आफ्रिकेतील आघाडीपटू युरोपात जाऊन नावारूपास येतो, ही घटना नवी नव्हे. मोरोक्कोचा लार्बी बेनबारेक १९३८ मध्ये मार्सेय संघाकडे गेला. मोझांबिकमध्ये जन्मलेला युसेबियो लिस्बनच्या बेनफिका संघात खेळू लागला आणि १९६६ च्या विश्वचषकस्पर्धेत पोर्तुगालकडून नऊ गोल करून तो स्पर्धेत अग्रेसर ठरला. या दोघांच्याही वाटा वसाहतींच्या नकाशावरून गेल्या होत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे: मोरोक्कोतून फ्रान्सकडे, मोझांबिकमधून पोर्तुगालकडे. गोवा १९६१ पर्यंत त्याच पोर्तुगीज साम्राज्याचा भाग असल्यामुळे युसेबियोचे उदाहरण आपल्याला वाटते तितके दूरचे नाही. पुढे लायबेरियाचा जॉर्ज वेआ १९९५ मध्ये युरोपातील सर्वोच्च वैयक्तिक सन्मानाचा, म्हणजे ‘बॅलन डी'ऑर’चा, पहिला आफ्रिकी मानकरी ठरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने बोस्मान खटल्याचा निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूला मोबदल्याविना दुसऱ्या संघाकडे जाण्याची मोकळीक मिळाली आणि युरोपीय संघातील देशांच्या नागरिकांवरील संख्यामर्यादा उठल्या. खेळाडूंची ने-आण त्यानंतर फार वाढली. अल्पकालीन करार आणि वारंवार संघबदल ही सामान्य गोष्ट झाली.

ओगबेचेची कारकीर्द या बदललेल्या काळातील आहे. त्याचा जन्म १ ऑक्टोबर १९८४ रोजी नायजेरियाच्या आग्नेय भागातील क्रॉस रिव्हर राज्यात ओगोजा या गावी झाला. किशोरवयातच तो पॅरिस सेंट-जर्मेन संघाच्या युवाविभागात दाखल झाला आणि २००१ मध्ये मुख्य संघात आला. त्या संघात त्या वेळी नायजेरियाचा ऑस्टिन ओकोचा आणि ब्राझीलचा रोनाल्डिन्यो हे दोघे होते. २००२ मध्ये जपान व कोरिया येथे झालेल्या विश्वचषकस्पर्धेत, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तो नायजेरियाकडून दोन सामने खेळला. अर्जेंटिना व स्वीडन यांच्याकडून पराभव आणि इंग्लंडशी बरोबरी अशा निकालांमुळे नायजेरियाचे आव्हान पहिल्याच फेरीत संपले.

सतराव्या वर्षी विश्वचषक खेळलेल्या मुलाकडून ज्या अपेक्षा बाळगल्या जातात त्या पॅरिसमध्ये पूर्ण झाल्या नाहीत. बास्तिया व मेट्झ या फ्रेंच संघांकडे त्याला तात्पुरते पाठविण्यात आले. त्यानंतर संयुक्त अरब अमिरातीतील अल जझीरा, स्पेनमधील आलावेस, वायादोलिद, कादिझ आणि शेरेझ, ग्रीसमधील कावाला, इंग्लंडमधील मिडल्सब्रो, नेदरलँड्समधील कांबूर व विलेम दुसरा अशी त्याच्या संघांची मालिका आहे. युरोपातील पाच देश, त्यांच्या पाच भाषा आणि दीड तपाच्या आसपासचा काळ असा हा प्रवास आहे. त्यात पहिल्या श्रेणीचे हंगाम आहेत तसेच दुसऱ्या श्रेणीचेही आहेत. परंतु युरोपीय फुटबॉलच्या इतिहासकाराला ठळकपणे नोंदवावासा वाटेल असा एकही विक्रम नाही.

२. भारतातील उत्तरार्ध

२०१८ मध्ये, वयाची चौतीस वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, तो गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेड संघात आला. आफ्रिकी आघाडीपटू भारतात खेळण्याची परंपरा त्यापूर्वीच रूढ झाली होती. विशेषतः गोव्यात ती दृढ होती: २००७–०८ ते २०११–१२ या पाच हंगामांत आय-लीगमधील सर्वाधिक गोल दोन नायजेरियन खेळाडूंनी केले. पहिले तीन हंगाम चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली आणि पुढचे दोन हंगाम डेम्पोचा रँटी मार्टिन्स अग्रेसर होता; मार्टिन्सच्या गोलांची संख्या त्या दोन हंगामांत अनुक्रमे ३० व ३२ होती. हे दोघे मात्र भारतातच घडले. ओगबेचे आला तो युरोपातील दीर्घ अनुभव घेऊन, आणि बहुतेकांच्या मते संपत आलेल्या कारकिर्दीसह.

पुढील पाच हंगामांचे आकडे असे आहेत. नॉर्थईस्ट युनायटेडकडून २०१८–१९ मध्ये १२ गोल. हा संघ त्या वर्षी प्रथमच उपान्त्य फेरीत पोहोचला. केरळ ब्लास्टर्सकडून २०१९–२० मध्ये १५. मुंबई सिटीकडून २०२०–२१ मध्ये ८. हैदराबादकडून २०२१–२२ मध्ये १८ आणि २०२२–२३ मध्ये १०. एकूण ६३. वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याने सर्वाधिक गोलांबद्दलचा ‘गोल्डन बूट’ मिळविला आणि तो लीगच्या इतिहासातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये सुनील छेत्रीने चौसष्टावा गोल केला तेव्हा तो विक्रम मोडला.

या आकड्यांत एक विसंगती आहे. आठ गोलांचा मुंबईचा हंगाम हा पाचांत सर्वांत कमी गोलांचा आहे. परंतु साखळीतील अग्रस्थानाची ढाल आणि अंतिम विजेतेपद हे दोन्ही सन्मान त्याच्या वाट्याला त्याच एका हंगामात आले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी एटीके मोहन बागानविरुद्ध २–० असा विजय मिळवून मुंबईने ढाल जिंकली. त्यातील दुसरा गोल ओगबेचेचा होता. १३ मार्च रोजी फातोर्डा येथे त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध अंतिम सामना झाला. सामना बरोबरीत असताना नव्वदाव्या मिनिटाला प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाची चूक हेरून ओगबेचेने चेंडू मिळविला, तो बिपिन सिंगकडे दिला आणि बिपिनने निर्णायक गोल केला. गोलांच्या यादीत या प्रसंगी नाव लागले ते बिपिनचे. या विसंगतीकडे लेखाच्या शेवटी पुन्हा वळावयाचे आहे.

३. नावाचा ध्वनी

आता नावाकडे वळू. रोमन लिपीतील त्याच्या नावात भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणाऱ्या दोन जोड्या आहेत: ‘जी-बी’ आणि ‘सी-एच’.

दुसरी जोडी अधिक सोपी आहे, म्हणून ती प्रथम घेऊ. लेखन तेच राहिले तरी वाचनाचा नियम देशागणिक बदलतो. फ्रेंच लेखनपद्धतीप्रमाणे ‘सी-एच’चा उच्चार ‘श’ होतो आणि अंतीचा ‘ई’ मुका राहतो. म्हणजे नाव ‘ओगबेश’ असे वाचले जाईल. स्पॅनिश नियमाने ते ‘ओगबेचे’ होईल. डच नियमाने त्याच दोन अक्षरांचा उच्चार कंठातील घर्षक, आपल्या उर्दू शब्दांतील ‘ख़’सारखा, होईल. ग्रीक लिपीत हे नाव लिहावयाचे तर ‘ग’ व ‘ब’ या प्रत्येकासाठी दोन-दोन अक्षरे जुळवावी लागतील आणि ‘च’च्या जागी ‘त्स’ येईल. त्या त्या देशात प्रेक्षक प्रत्यक्ष काय उच्चारीत असत हा निराळा प्रश्न आहे. निवेदक पुष्कळदा खेळाडूलाच विचारून घेतात. परंतु केवळ लेखनावरून वाचणाऱ्याला प्रत्येक सीमेपलीकडे वेगळेच नाव मिळत होते, एवढे निश्चित. मराठी रूप योगायोगाने स्पॅनिशशी तंतोतंत जुळते.

पहिली जोडी अधिक महत्त्वाची आहे. पश्चिम आफ्रिकेपासून मध्य आफ्रिकेपर्यंतच्या विस्तृत पट्ट्यातील अनेक भाषांत, योरुबा व इग्बो यांसह, ‘ग’ आणि ‘ब’ यांचा एकसमयावच्छेदेकरून होणारा एक स्पर्श आहे. जिभेचा मागील भाग मृदुतालूला टेकतो त्याच वेळी ओठही मिटतात आणि दोन्ही अडथळे जवळजवळ एकदमच सुटतात. ही दोन व्यंजने नव्हेत. हे एकच ओष्ठ-कंठ्य व्यंजन आहे. देवनागरीत आपण ‘ग्ब’ लिहितो ते दोन व्यंजनांचे जोडाक्षर असते. ‘दिग्बंधन’ या शब्दात ‘ग्’ पहिल्या अवयवाच्या शेवटी व ‘ब’ दुसऱ्याच्या आरंभी असतो, तसेच आपण या नावाचेही अवयव पाडतो: ओग्-बे-चे. ज्या भाषांत हा ध्वनी एकसंध आहे त्यांत अवयव पडतील ते ओ-ग्बे-चे असे. म्हणजे फरक एका ध्वनीपुरता राहत नाही; अवयवाची सीमाच सरकते. शिवाय या भाषा सुरभेदी आहेत, म्हणजे त्यांत स्वराची उंची अर्थभेदक असते. तिची नोंद आपल्या लिपीत होत नाही, आणि रोमन लेखनातही ती बहुधा गाळलेलीच असते.

ऐकणाऱ्याचा कान असा ध्वनी कसा पकडतो याचे जुने उदाहरण ‘इग्बो’ हेच आहे. इंग्रजी लेखनात या समाजाचे नाव दीर्घकाळ ‘इबो’ असे येत असे. इंग्रजी कानाने त्यातील ओष्ठ्य अंश तेवढा ठेवला व कंठ्य अंश सोडून दिला. मराठी पद्धती दोन्ही अंश ठेवते, परंतु त्यांची फाळणी करते. दोन्ही ठिकाणी मूळ ध्वनी हरवतोच. हरवण्याच्या रीती मात्र भिन्न आहेत.

येथे आपल्या परिसराचा एक विशेष उपयोगी पडतो. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी भाषेत मराठीत नसलेले चार अंतःस्फोटी स्पर्श आहेत. त्यांच्या उच्चारात स्वरयंत्र किंचित खाली येते व वायूचा ओघ क्षणभर आत वळतो. देवनागरीत सिंधी लिहिताना त्यांच्यासाठी खाली रेघ दिलेली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे वापरतात. ‘ॿार’ म्हणजे मूल, ‘बार’ म्हणजे ओझे. भेद केवळ त्या एका ध्वनीचा. आणि इग्बोच्या काही बोलींत ज्या व्यंजनाचे रोमन लेखन ‘जी-बी’ असे होते, त्याचा प्रत्यक्ष उच्चार ओष्ठ्य अंतःस्फोटी, म्हणजे सिंधी ‘ॿ’च्या जातीचा, होतो असे ध्वनिशास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. तात्पर्य, मराठी भाषकाला जो ध्वनी दोन तुकड्यांत ऐकू येतो, त्याच्या एका आप्ताला उल्हासनगरच्या सिंधी घरात आधीपासून स्थान आहे आणि स्वतंत्र अक्षरही आहे. यावरून सिंधी भाषक हे नाव अधिक अचूक ऐकतील असा निष्कर्ष मात्र घाईने काढता कामा नये. तो तपासावयाचा सिद्धान्त आहे, सिद्ध झालेला नव्हे.

४. नावाचे व्याकरण

मराठीत शिरताच या नावाची एक निराळीच अडचण उभी राहते. त्याचा शेवट ‘चे’ने होतो, आणि ‘चे’ हा आपला षष्ठीचा प्रत्यय आहे. ‘ओगबेचे दोन गोल’ हा मथळा दोन प्रकारे वाचता येतो: ओगबेचे नावाच्या खेळाडूने केलेले दोन गोल, किंवा ‘ओगबे’ नावाच्या कोणा खेळाडूचे दोन गोल. व्याकरणदृष्ट्या निर्दोष रूप ‘ओगबेचेचे’ असे होईल; परंतु लागोपाठ आलेल्या दोन समान अक्षरांपैकी एक गाळण्याची, म्हणजे समाक्षरलोपाची, प्रवृत्ती भाषेत प्रबळ असते. लेखकाने ‘ओगबेचे याचे’ असे सर्वनामाचे साहाय्य घेतले तर संदिग्धता टळते, पण मथळ्याला तेवढी जागा नसते.

त्याचा ज्येष्ठ सहकारी ओकोचा याच्या नावाचीही तीच गत आहे. तेथे शेवट ‘चा’ने होतो. मात्र दोहोंत एक सूक्ष्म भेद आहे. मराठी ‘च’चे दोन उच्चार आहेत: ‘चहा’तील तालव्य आणि ‘चाक’मधील दंततालव्य. इ, ए या स्वरांपूर्वी सामान्यतः तालव्य उच्चार होतो. म्हणून षष्ठीच्या ‘चा’त दंततालव्य, तर ‘ची’ व ‘चे’ यांत तालव्य उच्चार आढळतो. परिणामी ‘ओगबेचे’ हे नाव लेखनावरून वाचणारा मराठी माणूस सहजच तालव्य उच्चार करतो. ‘ओकोचा’ वाचताना मात्र तो ‘चाक’मधील ‘च’कडे ओढला जाण्याची शक्यता असते. लिपी एकच अक्षर पुरविते, निवड वाचकाची भाषा करते.

सामान्यरूपाचा प्रश्न याहून मार्मिक आहे. एकारान्त मराठी आडनावांचे परंपरेने सामान्यरूप होते: गोखले – गोखल्यांनी, शिंदे – शिंद्यांनी. परकीय एकारान्त नावांचे ते होत नाही. आपण ‘पेलेने’ म्हणतो, ‘पेल्याने’ म्हणत नाही. त्याच न्यायाने ‘ओगबेचेने’ हे रूप रूढ होते. समजा कोणी त्याला पूर्ण मराठी वळण देऊन ‘ओगबेच्याने’ म्हटले, तर तेही षष्ठीच्याच सामान्यरूपाशी एकरूप होईल. सामान्यरूप न होणे ही परकेपणाची खूण आहे, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. परंतु सध्याच्या वृत्तपत्रीय मराठीत ‘शिंदेंनी’ अशी रूपे सर्रास दिसतात. देशी आडनावेही सामान्यरूप टाकू लागली आहेत. तेव्हा ही खूण पूर्वी होती तितकी निर्णायक राहिलेली नाही, एवढेच म्हणता येईल.

हा सर्व विचार केवळ शब्दांचा कीस नव्हे. आफ्रिकेतून आलेल्या माणसांना मराठीने पूर्वीपासून नावे दिली आहेत. मलिक अंबर १६२६ मध्ये निवर्तला. जंजिऱ्याच्या सिद्दींचा मुलूख ‘हबसाण’ म्हणून ओळखला जात असे. ‘हबशी’ हा शब्द मुळात अबिसीनियाचा निर्देश करणारा; पुढे तो कोणत्याही काळ्या माणसाला, आणि पुष्कळदा हेटाळणीने, लावला जाऊ लागला. आजच्या क्रीडापृष्ठांवर त्याची जागा ‘आफ्रिकन’ आणि ‘परदेशी खेळाडू’ या संज्ञांनी घेतली आहे. त्या सभ्य आहेत, परंतु त्याही समूहवाचकच आहेत: एक अख्खे खंड एका शब्दात मावविते, दुसरी लीगच्या नियमातील एक रकाना भरते. या सर्वांत व्यक्तीचा निर्देश करणारा शब्द एकच उरतो आणि तो म्हणजे विशेषनाम. म्हणून ते नीट ऐकणे व नीट लिहिणे हा शिष्टाचाराइतकाच ज्ञानाचाही प्रश्न आहे.

५. मूल्याचा प्रश्न

आता मागे ठेवलेल्या विसंगतीकडे येऊ. सोस्यूरने भाषेतील मूल्याची कल्पना विशद करताना बुद्धिबळाचा दृष्टान्त दिला आहे. मोहऱ्याचे मूल्य त्याच्या लाकडात नसते. पटावरील त्याचे स्थान आणि इतर मोहऱ्यांशी असलेले संबंध यांतून ते ठरते. आघाडीपटूची गणना आपण गोलांनी करतो, कारण गोल मोजता येतात. परंतु मुंबईच्या संघात त्याच्याबरोबर अ‍ॅडम ल फोंद्र हा दुसरा आघाडीपटू होता व त्याचे गोल ११ होते. तेथे ओगबेचेचे कार्य केरळातल्याहून भिन्न होते. आठ ही संख्या पंधराहून लहान आहे हे गणिताचे सत्य आहे. तिचे मूल्यही लहान होते असे मात्र त्यातून निष्पन्न होत नाही.

हाच न्याय संपूर्ण कारकिर्दीला लावता येतो. पॅरिसच्या व्यवस्थेत जो खेळाडू ‘अपुरी राहिलेली आशा’ ठरला, तोच गुवाहाटी, कोची, मुंबई व हैदराबाद येथील व्यवस्थेत विक्रमकर्ता ठरला. यावर आक्षेप असा येईल की, भारतातील लीगचा दर्जाच कमी आहे, म्हणून तेथील ६३ गोलांना फारसे महत्त्व नाही. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. दर्जातील अंतर खरे आहे. परंतु त्याच लीगमध्ये युरोपातून आलेले इतरही अनेक खेळाडू खेळले, आणि २०२४ पर्यंत त्यांपैकी कोणालाही ती संख्या ओलांडता आली नाही. तेव्हा केवळ व्यवस्थेच्या दुबळेपणाने या कारकिर्दीचा उलगडा होत नाही. व्यवस्था आणि व्यक्ती यांच्या संबंधाचाच विचार करावा लागतो.

अखेरीस आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक छोटा प्रकल्प सुचवावासा वाटतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही एका रेल्वेमार्गावरील लागोपाठची स्थानके असली तरी त्यांच्या भाषिक घडणीत अंतर आहे: पहिल्यात सिंधी वस्तीचे प्राबल्य, दुसऱ्यात शस्त्रास्त्र निर्माणीसारख्या कारखान्यांमुळे नाना प्रांतांतून आलेला कामगारवर्ग, तिसऱ्यात जुन्या मराठी गावाभोवती वाढलेले नवे शहर. तिन्ही ठिकाणी सिंधी व मराठी मातृभाषा असलेल्या, आणि वयाने दोन पिढ्यांच्या, निवेदकांची निवड करावी. त्यांना योरुबा किंवा इग्बो भाषकाने उच्चारलेले ओष्ठ-कंठ्य व्यंजनाचे शब्द ध्वनिमुद्रित करून ऐकवावे, प्रथम उच्चारून घ्यावे व नंतर देवनागरीत लिहून घ्यावे. उच्चार आणि लेखन यांचा क्रम बदलू नये. अन्यथा लिहिलेले अक्षर उच्चाराला वळण लावील. सिंधी घरांतील तरुण पिढीच्या बोलण्यात ‘ॿ’ आणि ‘ब’ यांतील भेद कितपत टिकून आहे, याचीही नोंद त्यातून आपोआप होईल. १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान मिळालेली ही भाषा आपल्या शेजारी कोणत्या अवस्थेत आहे, हे समजून घेण्याचा तो एक मार्ग ठरेल. दूरच्या एका खेळाडूच्या नावापासून आरंभ करून शेजारच्या भाषेपर्यंत पोहोचणारा असा अभ्यास आपल्या विभागातून लवकरच व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.